गफनींचा हातगुण

सोमवार, ४ फेब्रुवारी

पोचले एकदाची. कॅरिकची बस ड्रमकार्नच्या चौकात मला टाकून पुढे गेली तेव्हा चक्क ऊन पडलं होतं. लायट्रिममध्ये फेब्रुवारीत ऊन म्हणजे सासूने सुनेचं कौतुक करण्यातला प्रकार, मी शुभशकुनच मानला. टेसी मॅकगर्ल गाडी घेऊन उभी होती. मास्तरांची शेजारीण, सत्तरीची, ठेंगणी, जिभेला हाड नसलेली. तीन मैलांच्या रस्त्यात तिने माझं गाव, वय, नवरा का सोडून गेला आणि मुलगी कितवीत आहे, सगळं काढून घेतलं. वर म्हणाली, आधीची बाई तीन आठवडे टिकली, तिच्या आधीची अकरा दिवस, तुझं कपाळ बघून वाटतंय की तू ईस्टरचं अंडं इथे खाशील.

घर दगडी, दुमजली, बंद पडलेल्या शाळेला लागून. माझी खोली स्वयंपाकघराच्या बरोबर वर, त्यामुळे खालच्या चुलीची ऊब आपोआप मिळते. टेबलावर टेसीने भाजून आणलेला पाव, हॅम आणि कोबी झाकून ठेवलेला होता. मी दोन ताटं खाल्ली आणि लाजले नाही.

मास्तर फीहिली एकोणऐंशी वर्षांचे. ऑक्टोबरपासून पाय गेलेत, म्हणून खाट खाली समोरच्या खोलीत आणली आहे. शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, केसांचा भांग सरळ. मी कोणाची, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, डिम्फना कार, बॅलिनाची. त्यांनी माझ्याकडे वही तपासावी तसं पाहिलं आणि म्हणाले, हनुवटी ओळखीची वाटते. मी म्हटलं, आमच्या मेयोमध्ये सगळ्यांनाच ही हनुवटी मिळते.

काम नेहमीचंच. अंघोळ, जेवण, कपडे. शिवाय डाव्या हातावर मनगटाच्या वर नायटा आहे, जॅमच्या बरणीच्या झाकणाएवढा. कड लाल, उचललेली, खवले सुटलेली, मध्ये फिकट. टेसीच्या नवऱ्याची वासरं मास्तरांच्या गोठ्यात असतात. चालता येत होतं तोवर मास्तर त्यांची डोकी खाजवत बसायचे, तिथूनच आला असणार. नर्सने बुरशीच्या मलमाची ट्यूब ठेवली आहे. दिवसातून दोनदा, पातळ, कडेच्या एक बोट बाहेरपर्यंत, आणि दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे. लोक दिसेनासा झाला की थांबतात आणि महिन्याभरात तो परत हजर होतो. पंधरा वर्षं हेच बघतेय.

गादी छान आहे. मी खूश आहे. याच घरासाठी एजन्सीकडे तीन महिने नाव लावून बसले होते. मी इथे या म्हाताऱ्यावर सूड उगवायला आले आहे. कुठेतरी लिहायलाच हवं म्हणून लिहिलं.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

उद्यापासून ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, म्हणून आज पॅनकेक. मास्तरांनी लिंबू-साखर घालून तीन खाल्ले. खाऊ देत.

माझी आई विनी गफनी. इथलीच. आजोबांच्या हाताला नायट्याचा गुण होता. तीन गावांची माणसं आणि गुरं त्यांच्या अंगणात यायची. ते अंगठ्याने नायट्याभोवती तीन फेरे ओढायचे, तोंडाने काही पुटपुटायचे. सोमवार, गुरुवार, पुन्हा सोमवार. पण हा गुण स्वतःच्या घराला लागत नाही. आई नऊ वर्षांची असताना तिच्या कानावर, केसांत, नायटा उठला. मास्तरांनी तिला वर्गापुढे बोलावलं. लोहाराकडून घोड्यांचे केस कापायचं यंत्र मागवलं आणि तिचं डोकं भादरलं. मग दवाखान्यातलं जांभळं औषध घेऊन नायटा एक असताना सगळ्या डोक्यावर गोल काढले. वर्गाला म्हणाले, बघा, दिव्याखाली अंधार तो असा. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत तिला दाराजवळ, सरपणाच्या कोपऱ्यात बसवलं. पोरांनी तिच्यावर गाणं रचलं.

आई पंधराव्या वर्षी गाव सोडून गेली. आयुष्यभर डोक्याला रुमाल, झोपेतसुद्धा. मागच्या ऑगस्टमध्ये वारली तेव्हा तो मीच शवपेटीत नीट बांधला. त्याआधी तिने मला अंगठ्याचे फेरे आणि ते शब्द शिकवले होते. तिचं मन राखायला शिकले. माझा विश्वास ट्यूबवर.

तर ट्यूब. नर्सचं मलम मी एका रिकाम्या बरणीत काढून ठेवलं आणि तिच्या ट्यूबमध्ये स्टिरॉइडचं भरलं. मी याआधी सांभाळलेल्या आजीबाईंच्या इसबाचं उरलेलं होतं. नायट्यावर ते लावलं की लाली जाते, खाज जाते, माणूस दुवा देतो. आणि खाली बुरशी मोकाट पसरते. राखेखालच्या निखाऱ्यासारखी. तो मास्तरांच्या डोक्यापर्यंत पोचला की मी केस कापायचं यंत्र आणीन, त्यांना आरशासमोर बसवीन, आणि मग माझ्या आईचं नाव सांगीन. एवढंच हवं आहे मला.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

चारच दिवसांत लाली उतरली. रात्री खाज नाही, झोप लागते म्हणाले. मलम लावून झालं की बाही खाली ओढतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, आभारी आहे, डिम्फना. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, अख्खं वाक्य, प्रार्थनेत म्हणावं तसं. ऐकताना मला आतून गुदगुल्या होतात. आभार मान, बाबा, पोटभर मान.

हातमोजे करकरतात अशी त्यांनी तक्रार केली. मी काढले. चूकच आहे, नवशिकी बाईसुद्धा करणार नाही. पण कड सरकतेय हे माझ्या बोटांना कळावं असं मला वाटलं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

कोपर ओलांडला. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतो. नर्स आली, दारातूनच हात पाहिला, लाली नाही म्हणून कागदावर खूण करून गेली. टेसी बॉक्स्टी घेऊन आली. बटाट्याची ती जाड पोळी लोण्यात परतून खाल्ली. आज प्रेमिकांचा दिवस, मास्तरांनी तुला काय दिलं, असं विचारून स्वतःच हसली. मी म्हटलं, देतील कपाळ.

दिलंय खरं तर. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी छोटा गोल उठला आहे. हातमोजे काढल्यावर दुसरं काय होणार. बरणीतलं खरं मलम लावलं. महिन्याभरात जाईल.

बुधवार, २० फेब्रुवारी

त्यांच्या मानेपर्यंत आला. कॉलरच्या आत बोट घातलं की खरखर लागते. आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा.

पण माझा गोल सहा दिवसांत मनगटाला पोचलाय. खरं मलम, दिवसातून दोनदा, कडेबाहेर बोटभर, सगळं नेमाने. नायटा असा धावत नाही. आणि इतका वाटोळा नसतो. माझा कंपासने काढावा तसा आहे, आणि त्याच्या आत आणखी एक. मोठ्या गोलात छोटा.

मास्तरांनी आज माझा हात धरून जरा वेळ पाहिला. मग नेहमीसारखं, आभारी आहे, डिम्फना.

शनिवार, २३ फेब्रुवारी

टेसीकडे गेले होते, अंडी आणायला. तिने माझं मनगट पाहिलं आणि किटली खाली ठेवली. म्हणाली, अगं, गफनी असता तर तीन खेपांत उतरवलं असतं. मी काही माहीत नसल्यासारखं विचारलं, कोण गफनी. तिला तेवढंच हवं होतं.

गफनीच्या अंगणातून माणूस मुक्याने जायचा, म्हणाली. पैसे द्यायचे नाहीत आणि आभार मानायचे नाहीत. येतोसुद्धा म्हणायचं नाही. पावसावर बोला, गाईवर बोला, आणि फाटकाबाहेर पडा. आभार मानले की उतरवलेलं त्या हातावर उलटतं, आणि हातावरून त्या घरातल्या सगळ्यात धाकट्यावर जातं. शेंबडं पोरसुद्धा हे जाणून होतं. एकानेच मानले. फीहिली मास्तराने. शहरातून शिकून आलेला, सत्तावीस वर्षांचा, मानेवर नायटा. दुसऱ्या सोमवारी बरा होऊन अंगणाच्या मधोमध उभा राहिला, टोपी काढली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत हसत म्हणाला, आभारी आहे, मिस्टर गफनी. आठवडा गेला नाही तर विनीच्या डोक्यात गोल. आणि मग तिला भादरली कोणी, तर यानेच.

मी विचारलं, मास्तर एरवी आभार मानतात का कोणाचे. टेसी म्हणाली, चाळीस वर्षं शेजारी राहतेय बाई, मी त्यांच्या आईला शेवटची अंघोळ घातली, तेव्हाही त्या तोंडातून शब्द फुटला नाही.

मी अंडी तिथेच विसरून आले. एकोणीस दिवस. दिवसातून दोनदा.

रविवार, २४ फेब्रुवारी

मी शिकलेली बाई आहे. मला बुरशीचं नाव माहीत आहे, ती वासरावरून माणसावर कशी येते ते माहीत आहे. हे सगळं मी आज सकाळपासून स्वतःला सांगत होते.

दुपारी मजेलाचा फोन. माझी बहीण. माझी मुलगी डर्व्हला तिच्याकडे आहे. म्हणाली, घाबरू नकोस, पोरीच्या डोक्यात नायटा झालाय. मी विचारलं, कुठे. कानावर, म्हणाली. डॉक्टरने पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्यात, डोक्याला नुसतं मलम पुरत नाही म्हणे. मी विचारलं, गोल कसा आहे. मजेला म्हणाली, गंमत म्हणजे, आत आणखी एक आहे.

डर्व्हला सात वर्षांची आहे. तिने कधी वासराला हात लावलेला नाही, आणि मी तिला तीन आठवड्यांत भेटलेले नाही.

सोमवार, २५ फेब्रुवारी

सकाळी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ट्यूब दाखवली, बरणी दाखवली. मी विनीची मुलगी, म्हटलं. ते म्हणाले, पहिल्या दिवशीच कळलं होतं. हनुवटी. हातमोजे उगीच काढायला लावले नाहीत.

मी विचारलं, तुमचं आम्ही काय बिघडवलं. ते शांतपणे बोलले, पाढे म्हणावेत तसे. विनीच्या प्रकरणानंतर गफनीने हात बंद केला. कोणाचाच नायटा उतरवेना. गावाची गुरं सडली, पोरं सडली, आणि गावाने बोट दाखवलं ते मास्तराकडे. मोहिल गावच्या मुलीशी लग्न ठरलं होतं, तिच्या बापाने नकार कळवला. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर पन्नास वर्षं दुसरं कोणी बसलं नाही. म्हणाले, तुझ्या आजोबाने मला एक शब्द न बोलता पुरलं. मीही शब्द जपून ठेवले. कोणालाच दिले नाहीत. वाटलं होतं, एखादा गफनी कधीतरी माझ्या हाताखाली येईल. तू तर माझ्या हातावर आलीस.

मी गुडघ्यावर बसले. मला त्यांचा गळा धरायचा होता आणि मी गुडघ्यावर बसले. म्हटलं, माझ्या मुलीला सोडा. मी तुम्हाला बरं करते, खरं औषध आणि खरा हात. तुम्ही फक्त गप्प राहा. ते म्हणाले, बघू.

टेसीला सगळं सांगून उपाय विचारून आले. ती म्हणाली, एकच वाट आहे. त्यालाच नीट बरा कर, आज, गुरुवारी, सोमवारी. तिसऱ्या खेपेला तो मुका राहिला आणि तू उंबरा ओलांडलास, की मागचं सगळं फिटलं. आणि जिवंत ठेव त्याला, म्हणाली. मेल्या माणसावरून काही उतरत नाही, ते घरात राहतं.

नायट्यावर नर्सचं मलम लावलं. मग अंगठ्याने तीन फेरे आणि आईचे शब्द. ते छताकडे बघत होते. काही बोलले नाहीत.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

दुसरी खेप. मान, खांदा, हात. गप्प राहिले. हसले मात्र.

माझा कोपरापर्यंत. आत आता तीन.

मजेलाने पोरीचे केस कापले. पर्याय नव्हता म्हणाली. शाळेने दोन आठवडे घरी ठेवायला सांगितलंय. पोरीने टोपी मागितली आणि ती काढतच नाही —

मी या माणसाला दोन वेळा भरवते, औषध देते, छातीत कफ होऊ नये म्हणून पाठीवर थापट्या मारते. आईच्या वैऱ्याला असं कोणी जपलं नसेल.

रविवार, २ मार्च

आज आयांचा रविवार. डर्व्हलाचं कार्ड मजेलाने फोनवर वाचून दाखवलं. मग हळूच म्हणाली, आता चार झालेत. वेगवेगळ्या जागी. सगळ्या डोक्यावर.

अगदी तसेच. जांभळे? मी विचारलं. तुला कसं कळलं, म्हणाली.

मास्तर जेवत नाहीत. दातांवर दात. ओठ तेवढे हलतात. सराव केल्यासारखे —

उद्या.

सोमवार, ३ मार्च

डाव्या हाताने त्यांचं तोंड दाबून धरलंय आणि उजव्याने हे लिहितेय. वही खाटेवर आहे. टेसी तीनला येणार आहे. तिने आधी हे वाचावं.

टेसी, तिन्ही फेरे पुरे झाले. मलम लावलं. शब्द म्हटले. शेवटच्या शब्दावर त्यांनी श्वास घेतला, बोलायला, मी पाहिलं, आणि मी हात —

उंबरा दहा पावलांवर. हात काढला की ते बोलणार. मी धावेपर्यंत बोलून होईल. दोन शब्द तर आहेत. दोनदा जरा सैल केला. दोन्ही वेळा "आभा" पर्यंत आले.

डोळे हसताहेत त्यांचे.

अडीच. वर माझ्या खोलीत फोन वाजतोय. मजेला असेल. थांबतो, पुन्हा वाजतो. काय सांगायचंय तिला. बरं झालंय की —

तळव्याखाली ओठ चालूच आहेत. माझ्या कातडीवर ते शब्द मला कळतात. हे म्हटल्यात धरतात का, टेसी? आवाज नाही. हे धरत नाहीत ना?

पोरीने काय केलं होतं. आईने काय केलं होतं.

हात थोडा वर सरकला. मी सरकवला नाही. नाकापर्यंत. मेले तर उतरत नाही, माहीत आहे मला, माहीत आहे, पण हा हात माझं ऐकत —

त्यांचं अंग स्थिर. डोळे उघडे. छाती हलत नाही. टेसी, मी नको म्हणत होते.

फोन थांबला.

ओठ अजून थांबले नाह